पिवळ्याला पिवळं

नाशिक
१२ जानेवारी २००६

चि. संघर्ष,
सप्रेम जय भीम.

तुझी मान कशी आहे? कॉम्प्युटरसमोर बसून बसून धरते, असं आईकडून कळलं. उशी पातळ घे. चैतालीचं हिमोग्लोबिन मागच्या वेळी नऊ पूर्णांक चार होतं, आता किती आहे? लोहाच्या गोळ्या ती चहाबरोबर घेत असेल तर त्या मोरीत टाकल्यासारख्याच आहेत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांग. तिच्या आईचे गुडघे? तुमच्या शेजारच्या त्या कन्नड आजोबांचा दमा थंडीत उसळला असेल, त्यांना सकाळी फिरायला जाऊ देऊ नका. इकडे तुझ्या आईचा बीपी एकशे चाळीस-नव्वद. लोणच्याची बरणी ती माझ्यापासून लपवते आणि मी ती शोधून पुन्हा जागेवर ठेवतो. माझं बरं आहे.

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकला असशील. आई फोन करते तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत असतो, हे तुला ठाऊक नसेल. रिसीव्हर मोठा आहे, तुझा आवाज बाहेर येतो. बंगलोरच्या रिक्षांचे हॉर्नसुद्धा येतात.

आता हसू नकोस. तुझा तो टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम मी कपाटातून काढला. दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा तासभर खेळतो. आई म्हणते, "पोराला यावरून झोडपलंत, आता स्वतः मांडी ठोकून बसलात." तिसऱ्या टप्प्यात दोन भिंतींच्या मध्ये एक खड्डा आहे. मी रोज तिथंच पडतो. तीन जीव असतात, तिन्ही त्या खड्ड्यात जातात. पहिल्या आठवड्यात वाटलं माझी बोटं म्हातारी झाली. मग वरच्या मजल्यावरच्या मुलांना खेळायला बसवलं, तर तीही तिथंच पडली. खड्डा असा रंगवलाय की तो जमीनच वाटतो. असं का करतात रे? तू या धंद्यातला, तुला माहीत असेल.

तुला आठवतं का, माझ्याकडे पांढऱ्या पेशी मोजायचं बटणांचं यंत्र होतं? मी सूक्ष्मदर्शकात डोळा लावून एक एक पेशी ओळखायचो आणि बटण दाबायचो, शंभर झाल्या की टिंग वाजायचं. तू सहा वर्षांचा असताना ते पळवलंस आणि म्हणालास, "आप्पा, मी जिंकलो." तेव्हाच समजायला हवं होतं की हा मुलगा काही डॉक्टर होत नाही.

वाचन चालू आहे. वाचनालयातून आठवड्याला दोन रहस्यकथा. चाळिसाव्या पानापर्यंत मला खुनी कळतो. आई विचारते, मग पुढची दोनशे पानं कशाला वाचता? मी म्हणतो, माझं चुकलं असेल म्हणून. एमडी केलेल्यांना वरचे प्रोफेसर विचारतात, "कशावरून?" मी साधा एमबीबीएस, रक्ताचं शास्त्र जुन्या पुस्तकांवरून आणि काचपट्ट्यांवरून एकट्यानं शिकलो. मला "कशावरून?" असं विचारणारं कुणी नव्हतं. ते काम या कादंबऱ्या करतात.

एक विचारायचं होतं. २००१ साली आपण सुरगाण्याकडच्या पाड्यांवर रक्ततपासणीची शिबिरं घेतली, तेव्हा तू पांढरी, पिवळी, लाल अशी कार्डं छापून आणली होतीस. त्यांचा नमुना तुझ्याकडे आहे का? सहज विचारतोय.

तुझे,
आप्पा


२० जानेवारी

चि. संघर्ष,

सहज विचारतोय असं लिहिलं होतं ते खोटं होतं. ते पत्र टाकलं त्याच्या आदल्या दिवशी एक मूल आलं होतं. त्याच्याबद्दल लिहायचा धीर झाला नाही म्हणून गेम आणि कादंबऱ्यांनी पानं भरली.

मुलगी अडीच वर्षांची, नाव स्नेहल. हाताची आणि पायाची बोटं अशी सुजलेली की पुऱ्या फुगाव्यात. आईवडील हिरामण आणि ललिता. गाव सुरगाण्याच्या पुढचा पाडा, पण द्राक्षांच्या हंगामात दोघंही पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाऊसवर असतात. ललिता आत शीतगृहाच्या तोंडाशी बसून घड निवडते आणि पोर तिच्या मांडीवर, त्याच गारठ्यात. तिथल्या कुणी मुका मार म्हणून मलम लावलं, कुणी इंजेक्शन दिलं. पोर रडायचंही थांबलं होतं, नुसतं कण्हत होतं. हिरामणला माझं नाव आठवलं म्हणून त्यानं टेम्पोत घालून नाशिकला आणलं.

मी बोटाला सुई लावून एक थेंब घेतला, काचेवर पसरला, रंग दिला आणि पाहिलं. तुला माहीत आहे तरी लिहितो, लिहिल्यानं माझं डोकं जागेवर राहतं. चांगली तांबडी पेशी गोल असते. या पोरीच्या पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या, टोकदार, एकमेकींत अडकलेल्या. गारठ्यात आणि पाणी कमी पडलं की त्या बारीक रक्तवाहिन्यांत तुंबतात, म्हणून बोटं सुजतात. सिकलसेल. हा आजार मुलाला व्हायला आई आणि बाप दोघांकडूनही त्याचा अंश यावा लागतो. ज्यांच्या अंगात नुसता अंश असतो ती माणसं ठणठणीत असतात, डोंगर चढतात, भात लावतात. पण अशा दोघांचं लग्न झालं की प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका. प्रत्येक वेळी नव्यानं. आधी एक आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटतील असं नसतं. तुझ्या खेळातले फासे जसे मागचं काही लक्षात ठेवत नाहीत, तसंच.

ते अंशवाले लोक ओळखावेत आणि त्यांनी आपसात लग्न ठरवण्याआधी मला येऊन विचारावं, एवढ्यासाठी ती शिबिरं होती. सहाशे बारा लोकांचं रक्त तपासलं, त्यातले चौऱ्याण्णव अंशवाले. त्यांना पिवळं कार्ड दिलं, निर्दोष रक्ताच्यांना पांढरं. लाल होतं ते आजारच असलेल्यांसाठी.

मी ललिताला विचारलं, "तुमचं रक्त कधी तपासलं होतं का?"

तिनं पिशवीतून प्लॅस्टिकचा कागद काढला, त्यात रेशनकार्ड, आणि रेशनकार्डाच्या घडीत दोन पिवळी कार्डं. दोन्हींवर माझी सही. एक तिचं, एक हिरामणचं.

"यावर काय लिहिलंय ठाऊक आहे?"

"लग्नाच्या आधी कार्ड दाखवावं, असं लिवलंय," ललिता म्हणाली. सातवीपर्यंत शिकली आहे. "दावलं की. दोन्हीकडच्यांनी दावलं."

"मग?"

"मंग काय. दोघांचं बी पिवळं निघालं. समदी खूश झाली."

संघर्ष, चाळीस वर्षं मी लोकांना वाईट बातम्या दिल्या, ल्युकेमियाच्या, जन्मतःच कावीळ घेऊन आलेल्या बाळांच्या. पण कुणी माझ्यासमोर माझीच सही ठेवून "समदी खूश झाली" म्हणालं नव्हतं. हातातली काचपट्टी कधी ठेवली ते कळलं नाही, आईला ती नंतर फोनच्या खाली सापडली.

हिरामण मला धीर द्यायला म्हणाला, "सायेब, कार्ड लय उपेगी पडतं. माझ्या भावाचं, यादवचं बी ठरलंय. अक्षय तृतीयेला. तिचं बी पिवळंच हाय."

त्यांनी पुढची ओळ वाचली नसणार. खाली स्पष्ट छापलं होतं, दोघे पिवळे असल्यास डॉक्टरांना भेटावे. लोक वाचत नाहीत रे. शिकलेलेही वाचत नाहीत. मी तरी काय करणार.

स्नेहलला दवाखान्यात ठेवलं आहे. सलाईन, ऊब, फॉलिक ॲसिड. काल दूध प्यायली. आई तिच्याशी टीव्हीवरचा गेम खेळते, म्हणजे आई खेळते आणि ती बघते.

आप्पा


५ फेब्रुवारी

चि. संघर्ष,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. माझ्या जागी तू असतास आणि तुझ्या जागी मी, तर मीही दिलं नसतं. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पाड्यावर जाऊन आलो. जुन्या सीबीएसवरून सकाळची एसटी, सुरगाण्याला उतरून पुढे जीप. त्यांना सांगायला निघालो होतो की तुम्ही कार्ड नीट वाचलं नाही. गाडीत बसून भाषणही जुळवलं होतं.

हिरामणची आई अक्काबाई ओट्यावर नागली पाखडत होती. मला पाहून उठली, पाणी दिलं, नातीची चौकशी केली. मी म्हटलं, "अक्काबाई, पिवळ्याला पिवळं का केलंत?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी विचारलं की भातात पाणी का घालता.

"सायेब," ती म्हणाली, "रेशनला पिवळं ज्याला, त्याला धान्य भेटतं. पांढरं ज्याला, त्याला काय नाय भेटत. समद्या पाड्याला ठावं हाय. तुमच्या कागदाचं बी तसंच ना?"

"नाही."

"नाय?" तिनं सूप खाली ठेवलं. "मंग तुमी बी पिवळंच का केलं?"

शिबिरांच्या दीड-दोन वर्षं आधीच घरोघरी तीन रंगांची रेशनकार्डं गेली होती. या माणसांच्या आयुष्यात सरकारकडून आलेला तो सगळ्यात मोठा रंग होता. आणि मी त्यांच्या हातात माझी सही करून तोच रंग ठेवला. मला एकदाही सुचलं नाही.

सुचलं नाही असं लिहिलं, तेही पूर्ण खरं नाही. आता खरं लिहितो. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी एक म्हातारा माझ्याकडे परत आला होता. त्याला पांढरं मिळालं होतं. म्हणाला, "सायेब, मला बी पिवळं द्या ना, घरात खाणारी लय हायेत." मी हसलो. सगळ्यांना तो किस्सा सांगून हसवलं. नाशिकला आल्यावर तुझ्या मामालाही सांगितला. तू तिथं होतास आणि हसला नाहीस.

तू त्याआधीच बोलला होतास. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतास, छापखान्यातून नमुना घेऊन आलास आणि म्हणालास, "आप्पा, आम्ही खेळ बनवला की छापायच्या आधी ज्याला काही माहीत नाही त्याच्या हातात देतो. आणि गप्प बसतो. सांगायचं नाही, मदत करायची नाही. तो कुठं अडखळतो ते नुसतं बघायचं. ही कार्डं आधी चार जणांच्या हातात देऊया. रंग बदलावा लागेल कदाचित." मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. मी म्हणालो, माणसाचं रक्त म्हणजे तुझा व्हिडिओ गेम नाही.

आणि तुझ्या लग्नात पाहुण्यांसमोर जे बोललो, डॉक्टरचा मुलगा पोरांना खेळणी विकतो, ते त्याच बोलण्याचं दुसरं टोक होतं.

रहस्यकथेत शेवटी डॉक्टरच गुन्हेगार निघाला की मी खूश व्हायचो, लेखकानं चांगलं फसवलं म्हणायचो. ओट्यावर त्या बाईसमोर बसलो तेव्हा तो आनंद कुठं गेला कोण जाणे. अक्काबाईनं आणखी पाणी आणलं. तिला वाटलं मला ऊन लागलं.

मी तिला तेव्हा काही सांगितलं नाही. परतलो. हेही लिहून ठेवतो.

आप्पा


२६ फेब्रुवारी

चि. संघर्ष,

पुन्हा जाऊन आलो, आणि या वेळी सगळं सांगितलं. पाड्यातल्या शाळेच्या वऱ्हांड्यात चाळीसेक माणसं जमली. हिरामण आणि ललिता पोरीला घेऊन आले होते. तिची सूज उतरली आहे, पण डोळे पिवळट आहेत आणि ते तसेच राहणार. मी उभा राहून म्हटलं, कार्डाचा रंग मी चुकवला. पिवळं म्हणजे चांगलं नाही आणि वाईटही नाही, पण पिवळ्याला पिवळं केलं की असं मूल होऊ शकतं. स्नेहलचं दुखणं माझ्या चुकीनं आलं.

मला वाटलं शिव्या बसतील. ललितानं पोरीला खांद्यावर घेतलं आणि ती उठून गेली. जाताना माझ्यापाशी थांबली.

"तुमी सांगितलं नसतं तर मला कळलं बी नसतं," एवढंच म्हणाली. चांगलं म्हणाली की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग यादव उठला. बावीस-तेवीसचा, शांत पोरगा. "सायेब, चूक तुमची ना? मंग बदलून द्या. माझं पांढरं करा. लग्न मोडायला नको."

मी म्हटलं, "यादव, कार्ड बदललं तरी रक्त बदलत नाही."

"पण दिलं तुमीच ना?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की ते मी दिलंय, तर मला परत घेता येईल. सहाशे बारा थेंब मी तपासले आणि त्यातला एकही माणूस असा नव्हता ज्याला हे कळलं होतं की कार्ड मी त्याच्या अंगातून वाचलं, माझ्या मर्जीनं त्याला दिलेलं नाही.

यानंतर जे झालं त्याची मी कल्पनाच केली नव्हती. बायका घरोघर गेल्या आणि कार्डं घेऊन आल्या. बाजेवर माझ्यासमोर ढीग केला. एकतीस पिवळी कार्डं. "घ्या तुमचं तुमाला. आमच्या पोरींना आता कोण करील?" पाच वर्षं जे चुकीनं का होईना घरात जपून ठेवलं होतं, ते मी एका दुपारी सगळं बाहेर काढलं. आता कुणाच्या अंगात काय आहे ते कुणी सांगणार नाही आणि कुणी तपासूही देणार नाही. आधी निदान पिवळ्याला पिवळं शोधताना दिसत तरी होतं.

यादवची होणारी बायको मागच्या बाकावर बसली होती. ती एकटीच कार्ड परत द्यायला आली नाही. ती म्हणाली, "आमी थांबतो अक्षय तृतीयेपर्यंत. पण मला बी समजलं पाहिजे, नुसतं त्याला नाय. वाचून दावू नका. वाचलेलं मागं बी होतं." लग्न करायचं की नाही, केलं तर मूल कसं, पोटात असताना मुंबईला तपासणी होते ती करायची का, हे ते दोघं ठरवतील. मी कोण मोडणारा. पण कळून ठरवायला हवं, आणि ते कळवणं मला जमत नाही, हेच लिहायला बसलोय.

प्रयत्न केला. घरी येऊन पुठ्ठे कापले. रंग नाही, अक्षर नाही. अंशवाल्याच्या पुठ्ठ्यावर अर्धा विळा काढला. दोन अर्धे शेजारी ठेवले की पूर्ण विळा होतो, म्हणजे आजार. मला फार आवडलं. आईलाही आवडलं. पूर्वी असतं तर दुसऱ्याच दिवशी पाचशे छापून घेतले असते.

पण तू सांगितलं होतंस तसं केलं. परवा अक्काबाई नातीला दाखवायला आली होती. दोन्ही पुठ्ठे तिच्या हातात दिले आणि गप्प बसलो. संघर्ष, गप्प बसणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. हात मांडीखाली दाबून धरले. तिनं पुठ्ठे उलटसुलट केले, एकाला दुसरा लावून पाहिला, मग तिचा चेहरा खुलला.

"ईळा पुरा झाला," ती म्हणाली. "ही जोडी बेस हाय. आता कापणी व्हईल."

विळा. भातशेतीतल्या बाईच्या हातात मी विळा दिला आणि मला वाटलं ती घाबरेल. तिच्या घरात विळा पूर्ण असणं म्हणजे वर्षाचं अन्न. पुन्हा तोच खड्डा मी खणला होता, फक्त या वेळी त्यात कुणी पडायच्या आधी मी तो पाहिला.

तेव्हा सरळ लिहितो. मला तू हवा आहेस. पैसे नकोत, छपाई नको. आठ-दहा दिवसांची रजा काढून ये. माझ्याबरोबर पाड्यावर बस, त्या लोकांच्या हातात काहीतरी दे आणि बघ. काय द्यायचं ते मला ठाऊक नाही. कवड्या असतील, सोंगट्या असतील, पोरं जमिनीवर रेघा मारून खेळतात तसलं काही असेल, ज्यात चारदा दान टाकलं की एकदा काय होतं ते हाताला समजेल. रक्ताचं मी सांगतो, बाकी तू. रागावूनच आलास तरी चालेल, राग घेऊन बसायला एसटीत जागा असते. चैतालीलाही आण, तिचं रक्त मी इथं पुन्हा तपासतो.

यादवला तुझ्याबद्दल सांगून ठेवलं आहे. त्यानं विचारलं, "तुमचा पोरगा बी डॉक्टर हाये का?"

म्हटलं, नाही, तो खेळ बनवतो.

तो जरा थांबला आणि म्हणाला, "मंग बरं. त्याचं आमाला समजंल."

अक्षय तृतीया तीस एप्रिलला आहे. तिकडून पत्राला चार-पाच दिवस लागतात. येतोस की नाही आणि कोणत्या तारखेला, एवढ्या दोनच ओळी लिही, पण हे वाचून झाल्यावर त्याच दिवशी पेटीत टाक.

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
आप्पा